मालकीणबाईंची फळी

९ फेब्रुवारी

चि. मुंगीस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्या जोडीने वहिनीही कुरकुरते, म्हणजे घर चालू आहे असं समज. मला निवृत्त व्हायला आठ महिने राहिले. डोक्यावरचे केस माझ्या आधीच निवृत्त झाले.

पाकिटावरचं अक्षर बघून ते उघडावं की नाही, याचा तू विचार केला असशील. दोन वर्षं झाली, माझा फोन तू उचलत नाहीस. वहिनी म्हणाली, फोनला समोरच्याने हो म्हणावं लागतं, पत्र बिचारं कुणाला न विचारता दाराखालून आत जातं. म्हणून हा उद्योग. शाळा सुटल्यापासून एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा लाल पेन घेऊन बसू नकोस.

बातमी अशी, की आपल्या प्राणिसंग्रहालयातलं नवं अस्वलघर उघडलं. तू पेपरात वाचलं असशीलच, पण पेपरवाल्यांनी फक्त फीत कापणारे हात दाखवले. आत काय आहे ते मी सांगतो. एक टेकडी आहे, खऱ्या मातीची. तिच्यावरून धबधबा पडतो. खडक सिमेंटचे आहेत, पण इतके हुबेहूब की मी स्वतः एकाला पाय मारून बघितला आणि दोन दिवस लंगडलो. थंडीत ते आतून तारांनी गरम होतात. दर पाव तासाने धुकं सुटतं. झाडांत लपवलेल्या भोंग्यांतून पाखरांचे आवाज येतात. एकतीस वर्षं इथे जनावरं राखतोय, पण या गावात असलं पाखरू मी ऐकलेलं नाही. खरे कावळे येऊन माना वाकड्या करून ऐकत बसतात. समोर दोन पुरुष उंच काच. धबधब्याखालच्या तळ्यात पाणमांजरांची जोडी सोडली आहे. आपली म्हातारी अस्वलीण, मालकीणबाई, टेकडीच्या बाजूला.

खर्चाचं म्हणशील तर, हो, झाला. भर बैठकीत तू म्हणाली होतीस की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. साहेबांना ते अजून पाठ आहे. तेवढ्या पैशात दुसरा डॉक्टर येईल, शस्त्रक्रियेची खोली होईल, म्हाताऱ्या जनावरांच्या पायाखाली नीट जमीन होईल, असं तुझं म्हणणं. ते चूक होतं असं मी आज म्हणत नाही. पण ऑफिसातली एक मुलगी रोज घड्याळ घेऊन काचेपाशी उभी असते. जुन्या पिंजऱ्यासमोर माणसं अर्धा मिनिट थांबायची, ‘झोपलंय वाटतं’ म्हणायची आणि पुढे जायची. आता चार मिनिटं थांबतात. मी तिला विचारलं, कशासाठी थांबतात. ती म्हणाली, काका, तो रकाना कागदात नाही. मी नुसता बघत उभा राहिलो तर कळलं की बहुतेक लोक धबधब्याचे फोटो काढतात.

असो. मी धबधबा मागितला नव्हता. मी माती मागितली होती, हे तरी तू विसरू नकोस. अठरा वर्षं मागत होतो. सिमेंटवर चालून मालकीणबाईंच्या तळव्यांना चिरा पडायच्या आणि तू त्यांत मलम भरायचीस, मी बादली धरून उभा. तिने पहिल्यांदा मातीवर पाय ठेवला, तो उचलला, वास घेतला आणि पुन्हा ठेवला, तेव्हा मी मागे धबधब्याच्या नळ्यांच्या खोलीत जाऊन रडलो. कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतोय.

आता मुद्द्याचं. स्थलांतराला पाच आठवडे झाले. पहिले चार दिवस मालकीणबाई नीट जेवल्या. मग अर्धं टाकायला लागल्या. आता सकाळचं सगळं तसंच असतं. टेकडी चढत नाहीत. पाठीमागच्या लोखंडी दाराशी, जिथून आम्ही त्यांना आत आणलं तिथे, दिवसभर बसून असतात आणि भिंतीला पाठ घासतात. तळहाताएवढे केस गेलेत. काचेतून तो कोपरा दिसत नाही, म्हणून ऑफिसने पाटी लावली आहे, ‘अस्वल विश्रांती घेत आहे’.

तुझ्या जागी आलेला डॉक्टर पोरगेला आहे, पण मनापासून करतो. त्याला अस्वलं पुस्तकातून ठाऊक, आणि आपल्या अस्वलाने पुस्तक वाचलेलं नाही. नऊ वर्षं तू तिला बघितलंस. एकदा येऊन जा. यायचं नसेल तर काय करावं ते लिही, तो तुझा शब्द खाली पडू देणार नाही. माझ्यासाठी करू नकोस. वहिनी म्हणते, भांडण दोन माणसांचं, त्यात अस्वलाने का उपाशी राहावं.

तुझा
दादा


२८ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. दोन वर्षांनी आलेला मजकूर एकूण एक ओळ: ‘फळी दिली आहे ना?’ वर ना तीर्थरूप, ना खाली नाव. काटकसर शिकावी तर तुझ्याकडून. तरी वहिनीने ते कार्ड आरशाच्या कडेला खोचून ठेवलं आहे. येता-जाता वाचते, जसं काही त्यात रोज नवीन काही येणार आहे.

इथल्या बातम्या बऱ्याच आहेत. पाणमांजरांना तीन पिल्लं झाली. अगं, काय खेळतात! धबधब्याखाली उभं राहून तोंडात पाणी घेतात आणि एकमेकांच्या अंगावर सोडतात. जुन्या हौदात हीच जोडी कोपऱ्यात दगडासारखी पडून असायची. ते बघितलं की मला वाटतं, पैसा लागला तो सार्थकी लागला. एक शाळेचे मास्तर आले होते, चाळीस पोरं घेऊन. त्यांनी मला विचारलं, इतका खर्च जनावरांसाठी की बघणाऱ्यांसाठी? मी म्हणालो, मास्तर, ते तुम्ही पाणमांजरांना विचारा आणि मग पलीकडच्या दाराशी जाऊन अस्वलाला विचारा, दोन उत्तरं येतील. ते हसले. मी काही विनोद केला नव्हता.

अस्वलघराचा आराखडा करणाऱ्या बाईंना बक्षीस मिळालं. साहेबांच्या केबिनमध्ये त्याचा फोटो लागला आहे. फोटोत टेकडी आहे, अस्वल नाही.

परवा जुन्या पिंजऱ्याकडून गेलो. आता तिथे खुर्च्या ठेवतात. मला बाबा आठवले, तेव्हा राखणदार तेच होते. तुला तो दिवस आठवत नसेल, तू तेव्हा बालवाडीत होतीस. मालकीणबाई म्हणजे तेव्हा बंद पडलेल्या सर्कशीच्या गाडीतलं एक पिल्लू, आणि ते काही केल्या उतरेना. चार माणसांनी ओढलं, मध दाखवला, दोरी लावली. बाबांनी गाडीत डोकं घालून बघितलं तर पिल्लू तळाच्या एका फळीला चारी पायांनी चिकटून बसलेलं. बाबांनी पाना मागवला, फळीचे बोल्ट काढले आणि फळी उचलून चालायला लागले. पिल्लू मागोमाग, जसं मूल आईचा पदर धरून येतं तसं. त्या दिवसापासून फळी पिंजऱ्यात. तेहतीस वर्षं ती तिच्यावर झोपली. बाबा सकाळी गेले की आधी विचारायचे, मालकीणबाई उठल्या का? आणि आई म्हणायची, घरच्या मालकिणीला कधी एवढं विचारलं नाही.

तर तू फळीचं विचारलंस. अगं, फळीशिवाय त्या हलल्या असत्या का? न्यायच्या पेटीत आधी फळी सरकवली, आणि मालकीणबाई तिच्यामागोमाग पेटीत शिरल्या, बाबांच्या वेळी आल्या तशाच. भूल द्यावी लागली नाही, काठी लागली नाही. सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले. नोकरी सोडून जाताना तू माझ्या कपाटावर चिकटवलेली चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, ‘फळी बरोबर न्यावी. धुऊ नये.’ तेव्हा ते राहू दे. दुसरं काही असेल तर सांग.

कारण तब्येत उतरत चालली आहे. फळं चिवडतात, मासा हुंगून सोडतात, मध तेवढा बोटावरून चाटतात. पाठीवरची जागा आता ओली झाली आहे. मला कधी कधी वाटतं, एका बाजूनेच चावतात. दात असतील का? खरं आहे की मला भास होतो, सांगता येत नाही. तू म्हणशील तसं डॉक्टर करेल.

आणखी एक. त्या बैठकीत मी उठून म्हणालो होतो, ‘डॉक्टरीणबाईंना अस्वलाचं रक्त कळतं, अस्वल मला कळतं.’ सगळे हसले, तू कागद गोळा केलेस. साहेबांनी मला नंतर चहा पाजला. तो चहा अजून घशाशी येतो. याहून जास्त मला लिहिता येत नाही, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते माझंच. पण ये. तिकीट काढून काचेसमोर उभी राहिलीस तरी चालेल, मी समोर येणार नाही.

तुझा
दादा


१८ एप्रिल

मुंगी,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही. ते लिहायला हात स्वच्छ लागतो, तो माझा नाही.

तुझं चार पानांचं पत्र मिळालं. ते मी वाचलं, मग वहिनीने वाचलं, मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. तू लिहितेस की मालकीणबाईंना तू मारलंस. दात तपासायचे म्हणून भूल द्यायला तू सांगितलंस, मात्रा तू लिहून दिलीस, आणि तोंड उघडून बघितलं तर बत्तीशी शाबूत, आणि ती उठली नाही. तू लिहितेस, ‘दादा, फळी असूनही ती निजत नव्हती, खात नव्हती, म्हणजे भीती नाही, दुखणंच असणार, एवढ्या एका गोष्टीवर मी बोलले. एवढं म्हातारं जनावर, त्याला भूल देऊ नये हे मला कळायला हवं होतं.’ तुझ्या दवाखान्यातल्या बाईंचा वहिनीला फोन आला होता. तीन आठवडे तू सुई हातात धरलेली नाहीस. एका कुत्र्याला टाके घालायला बसलीस आणि दोरा न ओवताच उठून गेलीस.

मुंगी, फळी तिथे नव्हती.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं नाही आणि खरंही लिहिलं नाही. फळी पेटीत घातली होती, हे खरं. तिच्यामागून ती आली, हेही खरं. पुढचं लिहिलं नाही ते आता लिहितो. पेटी नव्या घराच्या लोखंडी दाराला लावली. ती बाहेर आली, मातीचा वास घेत चार पावलं पुढे गेली. मी दार पाडलं आणि पेटी मागे ओढून घेतली. फळी पेटीतच राहिली. म्हणजे मी ठेवली. तिला फळी दाखवून आणलं आणि आणल्यावर फळी काढून घेतली.

आराखड्याच्या बाईंनी मला विचारलं, हे कसलं लाकूड. कळकट होतं, मधे झिजून खोलगट झालेलं, फटीत केस अडकलेले. मी त्यांना म्हणालो, ‘काही नाही, जुना कचरा आहे.’

बाबांनी बोल्ट काढून खांद्यावरून आणलेल्या फळीला मी कचरा म्हणालो.

कुणी मला काढायला लावलं नव्हतं. पुढे काचेसमोर तसली वस्तू चालली नसती, कबूल. पण मागे तिची झोपायची खोली आहे, तिथे कुणाची नजर जात नाही. तिथे फळी ठेवली असती तर साहेबांनाच काय, देवालाही कळलं नसतं. मी ठेवली नाही, कारण तू सांगितलं होतंस. बैठकीत तू म्हणाली होतीस, वाटेल तेवढं बांधा, तिला लागते ती एक फळी. मला दाखवायचं होतं की तिला माती लागते, झाड लागतं, आभाळ लागतं. अठरा वर्षं मी तेच मागत होतो आणि शेवटी मिळालं होतं. आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या एका फळीने त्यावर पाणी पडणार होतं. फळीवर झोपली असती तर तू जिंकली असतीस. हे एवढंच. लिहिताना ते किती बारीक दिसतं.

फळी कुठे ठेवली ते ऐक. नळ्यांच्या खोलीत. लोखंडी दाराच्या अलीकडे बोळ, आणि बोळात पहिलीच ती खोली. दारापासून फळीपर्यंत बारा पावलं आहेत, मी नंतर मोजली. ती दिवसभर त्या दाराशी का बसायची हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. तिला वास येत होता. घड्याळवाली मुलगी, डॉक्टर, साहेब, कुणालाही ते कळायचं कारण नव्हतं. कळण्याजोगी माणसं जगात दोनच, एक मी आणि एक तू. तुला मी सांगितलं नाही.

मग तुझं कार्ड आलं. त्या दिवशी फळी उचलून आत टाकली असती तरी झालं असतं. मी पत्र लिहायला बसलो. वहिनीला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘बारा पावलांवर फळी आहे आणि तुम्ही शंभर कोसांवर पत्रं धाडताय.’ मी तिच्यावर ओरडलो. एकदा तुला तसं लिहिल्यावर तर फळी आत नेणं आणखीच अवघड झालं. फळी दिल्यावर ती जेवायला लागली असती तर डॉक्टरने तुला कळवलंच असतं, की काल फळी दिली आणि आज जेवली. आणि दातांचं खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं. ती एका बाजूने चावत नव्हती. ती चावतच नव्हती.

तुझा सल्ला आला, त्यात तू तीनदा लिहिलं होतंस, दुसरा काही उपाय राहिला नसेल तरच भूल द्या. दुसरा उपाय राहिला होता, मुंगी. तो नळ्यांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता.

एकवीस मार्चला सकाळी मी फळी उचलली. खरंच उचलली, हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही, पुढचं कळावं म्हणून लिहितो. बोळातून आलो तर सगळे आधीच जमलेले, साहेब, डॉक्टर, वजन करायची माणसं. तिला आतल्या गजांच्या खोलीत घेतलं होतं. डॉक्टरने विचारलं, काका, हे काय. तोंड उघडायचं एवढंच काम होतं. इतक्या लोकांसमोर मला ते सांगता आलं नाही. मी म्हणालो, सामान ठेवायला आणली. त्याने बरं झालं म्हणून औषधांची पेटी फळीवर ठेवली आणि सुई भरली.

सुई लागल्यावर ती उठून गजांपाशी आली, फळीच्या बाजूला. गजांतून नाक बाहेर काढलं. मग मागचे पाय बसले, मग पुढचे. डॉक्टरने तुझ्या मात्रेपेक्षाही कमी दिली होती. त्याची काही चूक नाही आणि तुझी तर नाहीच. दोन महिन्यांहून जास्त पोटात नीट अन्न नव्हतं, अंगात होतं काय? मी तिचं डोकं धरून बसलो होतो. श्वास थांबला ते मला हाताला कळलं, डॉक्टरच्या नळीच्या आधी.

यानंतर मी आणखी एक काम केलं, तेही सांगून टाकतो. अहवाल झाला, त्यात लिहिलं होतं, ‘माजी डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानुसार भूल देण्यात आली.’ साहेबांनी पुढे केला आणि मी सही केली. तुझ्या नावावर ते जाऊ दिलं. तुझं पत्र आलं नसतं तर मी नोकरीचे उरलेले महिने गप्प राहून, हार घालून घेऊन, घरी आलो असतो. मला माहीत आहे मी आलो असतो.

तुझं पत्र वाचल्यावर राहवलं नाही. गेल्या गुरुवारी समितीची बैठक होती. आता मोठ्या मांजरांसाठी असंच घर बांधायचं आहे, त्याच्या बाजूने मागच्यासारखं मीच बोलावं म्हणून साहेबांनी मला नेलं. एका सभासदाने सरळ विचारलं, अस्वलघरावर एवढा पैसा घातला तो योग्य होता का? मी उभा राहिलो. म्हणालो, ‘पाणमांजरांसाठी होता. अस्वलालाही माती मिळायला हवी होती, ते मी मरेपर्यंत म्हणेन. पण ज्याच्यासाठी घर बांधलं त्याला काय लागतं हे ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, ते आपण घालवलं. तिने सांगितलेली एक फळी मी दिली नाही. अस्वल त्याने मेलं, तिच्या औषधाने नाही.’ मग सगळं सांगितलं, बारा पावलांसकट. या वेळी कुणी हसलं नाही. चहाही नाही.

लेखी दिलं आहे, त्याची नक्कल सोबत जोडली आहे, शिक्क्यासह. जपून ठेव. कुणी तुला काही म्हणालं तर तोंडावर टाक. मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. निवृत्तीचं काय होईल माहीत नाही. वहिनी म्हणते, होईल ते होईल, निदान आता घरात नीट जेवा. मी जेवतो. लाज वाटते, पण जेवतो.

माफी मागतो, मुंगी. दे असं म्हणत नाही. पण सुई हातात धर. कुणाच्या तरी दारात आज एखादं जनावर दुखणं घेऊन उभं असेल, आणि माझ्या खोट्यापायी तू हात मागे घेतलास तर माझ्या नावावर एक अस्वल कमी पडल्यासारखं होईल. तुझं निदान चुकलं नव्हतं. तू एक ओळ विचारली होतीस आणि तीच बरोबर होती.

फळी उद्या मालगाडीने तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. सामानाच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, काका, लाकडाच्या किमतीपेक्षा भाडं जास्त होतंय. मी म्हणालो, असू दे. ठेव, जाळ, नाहीतर मी आलोच कधी तर माझ्या पाठीत घाल. मधला खोलगट भाग तसाच आहे, फटीतले केस तसेच आहेत. दार उघडलं की बहुधा तुझ्या दवाखान्यातली कुत्री भुंकतील.

तू सांगितलं होतंस तशीच आहे. धुतलेली नाही.

तुम्हा दोघींचा अपराधी,
दादा